राज्य कुणावर?

खेळांना ऋतू होते. संक्रांतीच्या आगेमागे पतंग, हे उघडच आहे; पण भोवऱ्यांचे दिवस कधी सुरू व्हायचे आणि गोट्यांचे कधी संपायचे, हे ठरवायला कुणी मोठा माणूस नसे. एखाद्या आळीत एखादा पोरगा भोवरा बाहेर काढी आणि आठवड्याच्या आत गावभर पोरांच्या खिशांतून जाळी लोंबू लागे. पहिल्या पावसाने जमीन भिजली की लोखंडी सळई ओल्या मातीत रुतवत रुतवत पुढे जायचे, आणि जिथे ती आडवी पडेल तिथून हरलेल्या गड्याने लंगडी घालत परत यायचे. दिवाळीनंतर शेते मोकळी झाली की विटीदांडू. उन्हाळ्यात कृष्णेचे पाणी उतरले की आमच्या वाईत घाटाखालच्या मोकळ्या जागेत लगोरीचे दगड रचले जात. मे महिन्यात मामाच्या गावी गेलो की तिथल्या वडावर सूरपारंब्या. एकाने पायाखालून काठी लांब भिरकवायची, राज्य असलेल्याने धावत जाऊन ती आणायची, रिंगणात ठेवायची आणि तेवढ्यात झाडावर चढून बसलेल्यांपैकी कुणाला तरी शिवायचे. वरून पारंबीला लोंबकळत खाली उतरून कुणी ती काठी आधी गाठली, की राज्य पुन्हा आधीच्याच गड्यावर.

या पुस्तकात असे मैदानातले, अंगणातले आणि ओसरीवरचे खेळ गोळा केले आहेत. ते कसे खेळायचे, किती गडी लागतात, बाद कधी होतो, हे पुढच्या पानांत सविस्तर आले आहे. प्रस्तावनेत मला एकाच गोष्टीबद्दल बोलायचे आहे, कारण जुन्या खेळांविषयी बोलताना तीच नेमकी बाजूला पडते. आपण म्हणतो, या खेळांनी व्यायाम होत असे, चपळाई येत असे, मुले मातीत वाढत असत. हे सगळे खरे आहे. पण व्यायाम आज पोहण्याच्या तलावावरही होतो, आणि चपळाई बॅडमिंटनच्या वर्गातही येते. त्या मैदानावर मात्र मोठे माणूस नसे. कायदा मुलांचा, न्याय मुलांचा, शिक्षा आणि माफीही मुलांचीच. दहा वर्षांच्या पोरापोरींना कुणी एवढा कारभार आपण होऊन दिला नव्हता. मोठ्यांना सवड नव्हती म्हणून तो त्यांच्या हाती पडला होता, आणि त्यांनी तो फार चांगला चालवला.

भिडू कसे वाटून घेत ते आठवून पाहा. दोन दांडगे गडी पुढारी होत. उरलेल्यांनी आपापली जोडी जमवायची, आणि जोडी बरोबरीची हवी: पळण्यात सारखे, अंगाने सारखे. त्या जोडीने एकमेकांच्या गळ्यात हात टाकून लांब जायचे, कानात कुजबुजून दोन नावे घ्यायची आणि परत येऊन विचारायचे: कुणाला चंद्र हवा, कुणाला सूर्य? कुणाला आंबा, कुणाला फणस? पुढाऱ्याने आंबा मागितला की आंबा झालेला गडी त्याचा. कोण कुठला हे त्याला ठाऊक नसे, त्यामुळे आपला जिवलग दोस्त ओढून घेण्याची सोय नव्हती. बरोबरीचे दोघे नेहमी समोरासमोर जात आणि दोन्ही संघ आपोआप तुल्यबळ होत. शिवाय कोणीही ‘शेवटी उरलेला’ होत नसे. शाळेच्या कवायतीच्या तासाला संघनायक एकेक गडी निवडत जातात तेव्हा शेवटी उरलेल्या मुलाचे तोंड ज्याने पाहिले आहे, त्याला या रीतीची थोरवी वेगळी सांगावी लागणार नाही.

पहिला डाव कुणाचा हे ठरवायला नाणे नसे. एक चपटी खापरी घ्यायची, एका बाजूला थुंकी लावायची, वर उडवायची आणि ओरडायचे, ओली की सुकी? राज्य कुणावर हे चकून ठरे. तिघांनी हात धरून एकदम झटकायचे, कुणाचा तळवा उताणा, कुणाचा पालथा. जो वेगळा पडेल तो सुटला. असे करत सगळे सुटत गेले की जो उरेल त्याच्यावर राज्य. निवाडा दैवावर सोपवलेला, त्यामुळे कुणाबद्दल मनात राग राहत नसे.

त्या कायद्यातले सर्वांत सुंदर कलम लिंबूटिंबूचे. काही भागांत त्याला दूधभात म्हणतात. घरातले कामात असत, म्हणून चार-पाच वर्षांचे धाकटे भावंड बरोबर आणावेच लागे. त्याला घरी पिटाळता येत नाही आणि खऱ्या खेळात घेतले तर ते पहिल्याच फटक्यात बाद होणार. मग त्याला लिंबूटिंबू करायचे. त्याने सगळ्यांबरोबर पळायचे, लपायचे, ओरडायचे. पण त्याच्यावर राज्य येणार नाही आणि ते बाद होणार नाही. दुबळ्याला खेळाबाहेर न ठेवता, आणि खेळही न बिघडवता, सामावून घ्यायचे कसे, हा मोठ्यांच्या समाजालाही अवघड जाणारा प्रश्न मुलांनी असा सोडवला होता. पुढे एखाद्या दिवशी ते पोर हट्ट धरी, “मी आता लिंबूटिंबू नाही, माझ्यावर पण राज्य द्या!” राज्य येणे ही शिक्षा, पण ती मागून घेण्यात मोठे झाल्याचा मान होता. तसेच टॅम्प्लीज. पायात काटा मोडला, चड्डीची नाडी सुटली, आईने हाक मारली, तर हाताची मूठ तोंडाशी नेऊन टॅम्प्लीज म्हणायचे, आणि तेवढ्यापुरता कुणी हात लावायचा नाही. त्याचा गैरफायदा घेणाऱ्याला ‘रडीचा डाव’ खेळणारा म्हणत, आणि तो शिक्का कपाळावरून पुसायला बरेच दिवस लागत.

साधनेही मुलांचीच. विटी पेरूच्या किंवा बाभळीच्या फांदीची, दोन्ही टोके कोयत्याने निमुळती केलेली. लगोरीचा चेंडू चिंध्यांचा, वर सुतळी गुंडाळलेला. तो पाठीत बसला की लागे, पण जखम करत नसे. मुलींच्या सागरगोट्यांना एक पैसा लागत नसे, त्या काटेरी वेलीच्या शेंगांतल्या राखी रंगाच्या बिया असतात. चिंचोका मधोमध फोडला की एक बाजू काळी, एक पांढरी, झाले फासे. विटीदांडूत वकट, लेंड, मूंड, नाल असे मोजत जायचे, आणि प्रत्येक आकड्याला विटी अंगाच्या वेगळ्या ठिकाणी तोलून टोला मारायचा. तेलुगू मुलखातले हे आकडे आमच्या तोंडी कसे रुळले, याचा विचार तेव्हा कुणाच्या मनात आला नाही. ते खेळाचे आकडे होते, एवढे पुरे होते.

आणि भांडणे. माझ्या आठवणीप्रमाणे खेळण्याइतकाच वेळ भांडण्यात जाई. विटी रेषेच्या आत पडली की बाहेर? चेंडू लागला की नुसता चाटून गेला? लगोरीचा सातवा दगड रचला होता की नुसता टेकवला होता? पंच नव्हता, त्यामुळे वाद मिटेपर्यंत खेळ थांबे, आणि खेळायचे तर सगळ्यांनाच असे. म्हणून कुणीतरी म्हणे, चल, पुन्हा टाक. कुणी म्हणे, आईची शपथ घे. एखादी थोराड मुलगी पुढे होऊन निकाल देई आणि तो मानला जाई, कारण आधीच्या भांडणात तिने स्वतःच्या भावाविरुद्ध निकाल दिलेला सगळ्यांनी पाहिलेला असे. विश्वासार्हता कशाने कमावतात, हे मी तिथे शिकले.

ज्याँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने नेमक्या याच गोष्टीकडे पाहिले होते. मुलांची नीतिबुद्धी कशी घडते हे समजून घेण्यासाठी तो जिनिव्हा आणि नशातेलच्या मुलांजवळ गोट्या घेऊन बसला आणि म्हणाला, मला हा खेळ शिकवा. त्यातून उभे राहिलेले त्याचे पुस्तक १९३२ सालचे. त्याला दिसले, की लहान मुलांना नियम बापजाद्यांकडून, अगदी देवाकडूनही आलेले आणि म्हणून अचल वाटतात. ती स्वतः मात्र ते मन मानेल तसे पाळतात. दहाअकरा वर्षांची मुले म्हणतात, नियम आपणच ठरवतो, सगळे कबूल असतील तर बदलूही शकतो. आणि हीच मुले नियम काटेकोरपणे पाळतात. नियम आपला आहे असे वाटले की तो पाळावासा वाटतो. हा शोध गोट्यांच्या डावात लागला हे मला फार महत्त्वाचे वाटते. पियाजेच्या एका मताशी मात्र मी अजिबात सहमत नाही. मुलींच्या खेळांत त्याला नियमांचा पसारा आणि कायद्याची जाण कमी दिसली. सागरगोट्यांचा डाव त्याने कधी पाहिला नसावा. एक वर उडवून खालचा एक उचलायचा, मग दोन, मग तीन; उचलताना शेजारचा सागरगोटा तसूभर हलला तरी डाव गेला; आणि तो हलला की नाही हे बोटांच्या हालचालीवर डोळे लावून बसलेल्या चारपाच जणी ठरवणार. इतके बारीक कायदेपंडित मला पुढे कोर्टाच्या आवारातही भेटले नाहीत.

हे खेळ किती जुने? तुकोबांच्या गाथेत विटीदांडू, चेंडूफळी, हमामा, हुंबरी, फुगडी असे खेळांवरचे अभंग आहेत. देहूच्या पोरांचा खेळ हे त्यांना परमार्थ सांगण्याचे साधन वाटले, याचा अर्थ ऐकणाऱ्या प्रत्येकाला तो खेळ येत होता. विसाव्या शतकात बडोद्याहून द. चिं. मजुमदारांनी ‘व्यायाम ज्ञानकोशा’चे खंड काढले. देशी खेळ आणि कसरती कागदावर नोंदवून ठेवण्याचे एवढे मोठे काम मराठीत दुसरे झालेले नाही, आणि या पुस्तकाच्या कामात त्या खंडांचे ऋण पदोपदी जाणवले.

त्यातले काही खेळ पुढे मोठे झाले. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४च्या सुमारास खो-खोचे नियम बांधायला घेतले. हुतूतूचे तेच झाले. कुठे चेडुगुडु, कुठे हाडूडू अशी प्रांतोप्रांती वेगळी नावे आणि वेगळ्या रीती होत्या, त्यांतून एक कबड्डी घडवली गेली. १९३६च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या खेळाडूंनी तिथे तिची प्रात्यक्षिके दाखवली. शंकरराव ऊर्फ बुवा साळवींनी कबड्डीसाठी सारे आयुष्य वेचले आणि १९९०च्या बीजिंग आशियाई स्पर्धांत ती पदकाचा खेळ म्हणून उतरली. २०१४ पासून प्रो कबड्डी घरोघरी दूरचित्रवाणीवर आली. जानेवारी २०२५मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, भारताचे दोन्ही संघ जिंकले, आणि दोघांचे कर्णधार महाराष्ट्राचे: प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. ते सामने पाहताना माझे डोळे भरून आले होते, हे इथे नोंदवून ठेवते.

तरी मॅटवरचा खो-खो आणि आमचा खो-खो यांत एक फरक आहेच. मॅटवर गडी मोजून असतात, मिनिटे मोजून असतात. आमच्याकडे जेवढे जमतील तेवढे बसायचे. सात जमले तर सातांचा, पंधरा जमले तर पंधरांचा. खांब नसले तर एका टोकाला आंब्याचे झाड आणि दुसऱ्या टोकाला कुणाची तरी सायकल. हुतूतूत चढाई दमापुरती चाले. आज ती तीस सेकंदांची आहे. स्पर्धेसाठी हे सगळे हवेच, नाहीतर सातासमुद्रापलीकडच्या संघाशी खेळणार कसे? पण मापात बसवलेला खेळ मुलांच्या हातून पंचाच्या हाती जातो. आट्यापाट्यांचे नियमही असेच बांधले गेले, संघटना झाल्या; चांदण्या रात्री कळशीने पाण्याची धार धरून पाट्या आखणारी पोरे मात्र आता दिसत नाहीत.

जुने मैदान सगळ्यांचे होते असे मी म्हणणार नाही. ते खोटे होईल, आणि या पुस्तकासाठी ज्यांच्याशी बोलणे झाले त्यांच्यापैकी अनेकांचा त्यात अपमान होईल. अनेक गावांत वस्तीवस्तीची मैदाने वेगळी होती. शिवाशिवीच्या खेळात कुणी कुणाला शिवायचे नाही, हे काही मुलांना घरून बजावून सांगितलेले असे. मुलींचे मैदान तर वयात आल्याबरोबर संपे. काल वडावर चढलेली मुलगी आज पोलके-परकरातून साडीत जाई आणि ओसरीवरच्या काचाकवड्यांपाशी बसे. तिला पळायला, घुमायला, घामाघूम व्हायला वर्षातल्या काही रात्रीच उरत. मंगळागौरीला झिम्मा, फुगडी, कोंबडा, पिंगा, नवरात्रात भोंडला-हादगा, विदर्भ-खानदेशात भुलाबाई. ते खेळ इतके जोरकस का आहेत, हे मला त्या बंद दारांकडे पाहिल्यावर कळले. आज धाराशिवसारख्या भागातून सारिका काळे पुढे येते, खो-खोत भारताचे नेतृत्व करते आणि २०२०चा अर्जुन पुरस्कार मिळवते. हे त्या जुन्या मैदानाने तिला दिले नसते. मुली आज शॉर्ट्स घालून फुटबॉल खेळतात, आणि त्यांना कुणी घरात बोलावत नाही. गेल्या काळाशी तुलना करताना हे पारडे जड आहे, आणि ते जड राहावे.

मग हरवले काय? आधी जागा. पुण्यातल्या वाड्याचा चौक गेला, त्या जागी इमारत आली आणि खाली गाड्या लावायची जागा झाली. तिथे चेंडू नेला की कुणाच्या तरी गाडीची काच डोळ्यांपुढे येते आणि पाटी लागते: येथे खेळण्यास मनाई आहे. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेच्या गरजांमध्ये मैदान लिहिलेले आहे. शहरांच्या विकास आराखड्यांत मैदानांची आरक्षणे असतात. कागदावर मुलांना जागा आहे. प्रत्यक्षात टर्फवर तासाचे पैसे मोजून खेळावे लागते, आणि ज्याचे आईबाप ते मोजू शकत नाहीत तो जाळीच्या बाहेर उभा असतो. जागेच्या पाठोपाठ वेळ गेला. शाळा, शिकवणी, वर्ग यांच्यामध्ये जो अर्धा तास उरतो त्यात भिडू जमायलाच वीस मिनिटे लागतील.

मोबाइलला मी आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणार नाही. मुले मोबाइलकडे गेली त्याच्या आधी आपण रस्ते गाड्यांना दिले होते. मुले माइनक्राफ्टमध्ये घरे बांधतात, एकमेकांना वाटा दाखवतात, “हा भाग तुझा, इथले खणायचे नाही” असे करार करतात. ते पाहताना मला आमच्याच वाळूतल्या किल्ल्यांचे तह आठवतात. कल्पनाशक्ती तीच आहे. पण लढाईच्या खेळात गोळी लागली की नाही हे यंत्र ठरवते आणि त्यावर दाद मागता येत नाही. सोबतचा गडी आवडला नाही तर त्याचा आवाज बंद करता येतो, दुसरा अनोळखी गडी क्षणात हजर होतो. आमच्याकडे बॅट ज्याची त्याच्याशी भांडण झाले तर खेळच बंद, कारण दुसरी बॅट आळीत नव्हती. म्हणून त्याची समजूत काढावी लागे, आणि तो रोज रुसायला लागला तर सगळ्यांनी मिळून एक दिवस त्याच्याशिवाय लगोरी खेळून त्यालाही समज द्यावी लागे. मुलांच्या वर्गांना प्रशिक्षक असतात, चांगले असतात. वाद झाला की त्यांची शिट्टी वाजते आणि वाद मिटतो. माझे दुःख त्या शिट्टीचे आहे. आजच्या मुलाला खेळ मिळतो, साधने मिळतात, बूट मिळतात, पण स्वतःचे भांडण स्वतः मिटवायची संधी मिळत नाही.

ज्या गल्लीत अजून थोडी मोकळी जागा आहे तिथे जाऊन उभे राहा. तिथे क्रिकेट चाललेले असते, आणि त्याला लॉर्ड्सचे नियम नसतात. एक टप्पा एक हात आउट. भिंतीला लागला तर दोन धावा. काकूंच्या गॅलरीत गेला तर आउट, शिवाय चेंडू त्यानेच आणायचा. एकच स्टंप, आणि तो गॅसच्या रिकाम्या सिलिंडरचा. गडी विषम असतील तर एक जण दोन्हीकडून खेळणार. हे कायदे प्रत्येक गल्लीत वेगळे आहेत आणि ते तिथल्याच मुलांनी त्या जागेची लांबीरुंदी, खिडक्या आणि शेजाऱ्यांचे स्वभाव पाहून केलेले आहेत. ती कला मेलेली नाही. मुलांना तासभर रस्ता आणि तेवढाच वेळ मोठ्यांची पाठ मिळाली, तर ती जागी होते. १९८९च्या बालहक्क संहितेच्या ३१व्या कलमाने खेळणे हा मुलांचा हक्क मानला आहे आणि १९९२ साली भारताने ती संहिता स्वीकारली. मला वाटते, त्या हक्कात न पाहिले जाण्याचा हक्कही आला पाहिजे.

आता या पुस्तकाच्या रचनेविषयी. खेळांचे वर्णन शक्य तिथे खेळलेल्यांच्याच शब्दांत ठेवले आहे, बोलीही बदललेली नाही. ज्या खेळांना जागा कमी लागते ते आधी घेतले आहेत: तळ्यात-मळ्यात, विषामृत, टिक्कर, रुमालपाणी, डबा ऐसपैस. इमारतीखालच्या जागेतही ते जमतात, आणि आज हे पुस्तक विकत घेणाऱ्या पालकांच्या मुलांना बहुधा तीच जागा मिळणार आहे. विटीदांडूसारखा खेळ मोकळ्या मैदानाशिवाय खेळू नये, डोळ्याला धोका आहे, हे त्या प्रकरणात स्पष्ट सांगितले आहे. नियमांच्या बाबतीत एकमत करण्याचा प्रयत्न मुद्दाम केलेला नाही. लगोरी रचताना चेंडू पायाने लांब ढकलला तर चालतो की नाही, यावर साताऱ्याकडचे, कोकणातले आणि नागपूरकडचे लोक वेगवेगळे सांगतात आणि प्रत्येक जण आपलेच खरे म्हणतो. तिन्ही रीती तशाच छापल्या आहेत. कुठली बरोबर, हे खेळायला उतरलेल्यांनी डाव सुरू होण्यापूर्वी ठरवायचे आहे.